बांबूच्या काडीवरचं नाव

टेकडीवरच्या त्या देवळात मी वर्षातून पन्नास-साठ वेळा जातो आणि दर वेळी तेच विनोद करतो. विनोद फार चांगले आहेत अशातला भाग नाही. पाठ आहेत, एवढंच.

देऊळ आमच्या एका अवलिया साधूचं. पाचशे वर्षांपूर्वी त्याने राक्षसिणींना वठणीवर आणलं, तेही तलवारीने नव्हे, तर स्वतःच्या लिंगाने. म्हणून खालच्या गावात घराघरांच्या भिंतींवर तेच रंगवलेलं असतं, डोळे आणि रिबिनीसकट. चिलिप पाहुणे, म्हणजे बाहेरदेशचे गोरे लोक, आधी लाजतात, मग खुसुखुसू हसतात, मग फोटो काढतात. मी म्हणतो, "फोटो जरूर काढा, पण नवऱ्याला शेजारी उभं करू नका, बिचारा खट्टू होईल." सगळे हसतात. सतरा वर्षं हसताहेत.

मूलबाळ नसलेली जोडपी या देवळात येतात. भिक्षू त्यांच्या डोक्यावर लाकडी लिंग टेकवतात, बाई ते उराशी धरून देवळाला तीन फेऱ्या घालते. मग बांबूच्या काड्यांची जुडी पुढे येते. त्यातली एक काढायची. काडीवर येणाऱ्या बाळाचं नाव असतं. बाळाच्या आधी नाव मिळतं, हे ऐकून पाहुणे नेहमी हळवे होतात. हळवे झाले की मी पुढचा विनोद करतो.

त्या दिवशी सहा जण होते, सगळे जर्मनीचे. त्यांच्यातली ब्रिगिट ही निवृत्त मुख्याध्यापिका. वहीत सगळं लिहून घ्यायची, आणि प्रश्न विचारल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे. डोंगराला नाव काय, नदीला नाव काय, समोरून येणाऱ्या गाईला नाव आहे का? आमचा ड्रायव्हर रिंझिन मला आचो, म्हणजे दादा, म्हणतो; तो म्हणाला, "आचो, हिला एक दिवस माझ्या बायकोकडे सोडू या. दोघींची खोड मोडेल."

भाताची कापणी चालू होती. बांधावरून रांगेने आम्ही वर आलो. भिक्षूंनी पाहुण्यांना आत घेतलं, तशी मी बाहेर सटकलो. आतला आशीर्वाद चालू असताना मी कधीच आत थांबत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, गर्दी नको.

अंगणात पिंपळाच्या पाराजवळ एक माणूस बसला होता. रुंद खांदे, उन्हाने रापलेला चेहरा, अंगातला झगा, म्हणजे घो, नवा कोरा पण पायात गमबूट. मला पाहून त्याने बाजूची जागा हाताने पुसली.

"बसा की आचो. सकाळपासून बोलून बोलून घसा बसला असेल."

"गाइडचा घसा त्याचा स्वतःचा नसतो," मी म्हणालो. "कंपनीचा असतो."

तो खदखदून हसला. त्याचं नाव गेम्बो. फोबजिखा खोऱ्यात बटाट्याची शेती. चार-पाच तासांचा रस्ता कापून आला होता. "पोरीला पाया पडायला आणलंय," त्याने देवळाकडे हात केला. "दहा महिन्यांची झाली. बाईचा हट्ट, इथेच यायचं म्हणून. मी म्हटलं, बाई, आपल्याकडे देवळं कमी आहेत काय? तर बघते माझ्याकडे. तिने एकदा बघितलं की मी गाडीच काढतो."

मग त्याने घोच्या पोटाशी असलेल्या खोळीतून बटवा काढला आणि डोमाचा विडा माझ्यापुढे धरला. डोमाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. मीही घेतला.

"घरच्या हातचा आहे. पण चुना अगदीच जेमतेम हं," तो म्हणाला. "तीन वर्षं सांगतोय, जरा हात सैल सोड, तोंड रंगत नाही. हो म्हणते आणि पुन्हा तेवढाच लावते. हातालाच वळण पडलंय तिच्या. आता मलाही तसाच लागतो."

मी विडा तोंडात टाकला होता. पानाचं टोक आत मुडपलेलं. चुना मधोमध नाही, एका कडेला, नखाएवढा. माझं तोंड लहानपणापासून चुन्याने सोलून निघतं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या बायकोने, सेल्डनने, माझी जीभ बाहेर काढायला लावली होती, लहान पोराची बघतात तशी बघितली होती आणि म्हणाली होती, "तुला एवढुसाच." त्यानंतर नऊ वर्षं मी तोच विडा खाल्ला. ती सोडून गेल्यावर दुकानातले घेऊन पाहिले, तोंड भाजून घेतलं, शेवटी डोमाच सोडला.

चव जिभेला आधी कळली. मग मला.

"बाई कुठली तुमची?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"थिंफूकडची. तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा तुमच्याच जातीचा होता, गाइड!" गेम्बोने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "ओळखतही असाल. नाव काही सांगत नाही ती. होता एक, एवढंच म्हणते."

"वाईट बोलते त्याच्याबद्दल?"

"छे." गेम्बोने विडा दुसऱ्या गालात सरकवला. "वाईट बोलली असती तर मला बरं वाटलं असतं."

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी सेल्डन आणि मी याच अंगणात उभे होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिने लाकडी लिंग उराशी धरून तीन फेऱ्या घातल्या. मी मागून चालताना तिला हसवत होतो आणि ती ओठ चावून हसू दाबत होती. मग तिने काडी काढली. भिक्षूंनी वाचलं: किनले युडेन. मुलगी. त्यांनी नाव कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं. सेल्डनच्या घरची रीत अशी, की पोर कुशीत येईपर्यंत ते नाव तोंडाने उच्चारायचं नाही. नाव उघड्यावर पडलं की पोर बिचकते, असं तिची आमा, म्हणजे आई, म्हणायची. आम्ही चिटोरा देवघरात सात पाण्याच्या वाट्यांच्या मागे ठेवला. तिच्याबद्दल बोलायचो तेव्हा "ती" म्हणायचो. "ती आली की ही खिडकी बुजवू, वारा येतो." "ती आली की तू हे पर्यटक बिर्यटक बंद कर." असं.

नाव आणल्यावर चौथ्या वर्षी सेल्डनला दिवस गेले. तिसरा महिना चालू होता. ऑक्टोबरच होता तो, सीझन ऐन भरात, आणि मी एका मोठ्या ग्रुपला घेऊन इथे आलो होतो. बावीस माणसं. विनोदांना कुणी हसत नव्हतं. दमलेली, कंटाळलेली माणसं. एक जण तर घड्याळ बघत होता. गाइडला पडलेला विनोद सहन होत नाही, हा आमचा धंद्याचा रोग. मी काड्यांच्या जुडीपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी आणि माझ्या बायकोनेही इथून नाव नेलंय. किनले युडेन! चार वर्षं झाली, बाईसाहेब अजून पोचल्या नाहीत. बहुतेक व्हिसात अडकल्यात."

हसून हसून पुरेवाट झाली त्यांची. घड्याळवालाही हसला. मला किती बरं वाटलं, ते आज सांगायलाही लाज वाटते.

त्यांच्यातल्या एकाने त्याचं चित्रण करून इंटरनेटवर टाकलं. कुणीतरी ते सेल्डनला दाखवलं. त्या संध्याकाळी तिने मला वाढलं, समोर बसली आणि विचारलं, "नाव घेतलंस?"

मी म्हटलं, "अगं, चिलिप लोक ते. त्यांना नाव काय न् गाव काय! उद्या विसरतील."

"घेतलंस की नाही, एवढंच विचारतेय."

"घेतलं."

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी बुमथांगला ग्रुप घेऊन गेलो. आठव्या दिवशी तिकडेच फोन आला, की पोर राहिली नाही. टूर अर्धी होती. मी ती पुरी करून पाच दिवसांनी घरी आलो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाचा दोष नसतो. मीही तसंच म्हणालो. सेल्डन काही म्हणालीच नाही. पुढची तीन वर्षं ती माझ्यासाठी विडे लावत राहिली, कडेला नखाएवढा चुना, आणि एका हिवाळ्यात माग आणि कपड्यांची पेटी घेऊन निघून गेली. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. ती गेल्यावर मी देवघरात वाट्यांच्या मागे पाहिलं. चिटोरा नव्हता. माझ्या आमाने धुपात टाकला असेल, असं मी धरून चाललो. विचारायचा धीर झाला नाही.

देवळाच्या दारातून पाहुणे बाहेर आले, आणि त्यांच्या मागोमाग ती.

गालांची हाडं वर आलेली, केस पहिल्यासारखेच आखूड. नेसलेला किरा हिरवा. काखेत गुटगुटीत पोर. तिने मला पाहिलं, एक पाऊल थांबली, मग पायऱ्या उतरून सरळ आमच्याकडे आली. मी उठून उभा राहिलो.

"हे गाइड आहेत," गेम्बो म्हणाला. "आपला डोमा खाऊन गप्पच झाले बघ. चुन्याने तोंड उतरलं त्यांचं."

"चुना बरोबर आहे," मी म्हणालो.

सेल्डन माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चघळत होतो ते तिने पाहिलं.

गेम्बो लोण्याच्या दिव्यांचं बघायला आत गेला, आणि तेवढ्यात ब्रिगिटने गाठलं. "बाळ! निदुप, हे इथल्या आशीर्वादाचं बाळ आहे का? विचारा ना! मला लिहून घ्यायचंय." बाकीचे पाच जणही गोळा झाले. माझं काम काय? इकडचं तिकडे करायचं. सतरा वर्षं तेच करतोय.

"विचारताहेत, किती वर्षं वाट पाहिलीत," मी म्हणालो. तिला मी "तुम्ही" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

"सांगा त्यांना, अकरा वर्षं," सेल्डन म्हणाली.

मी सांगितलं. सगळ्यांनी कळवळून माना हलवल्या. ब्रिगिटने पुढचा प्रश्न टाकला, "एवढी वर्षं! नवऱ्याने साथ दिली ना?"

मला तो प्रश्न गिळून टाकता आला असता. पण सेल्डनला माझ्याकडून शिकलेलं थोडंफार इंग्रजी येतं. मी विचारला.

तिने पोरीला दुसऱ्या काखेत घेतलं. "सांगा, पहिल्या नवऱ्यानेही वाट पाहिली. मनापासून पाहिली. फक्त घरी बसून नाही पाहिली. रडायचं होतं तेव्हा मी एकटी होते. आणि तो आला तेव्हा त्याला वाटलं, मी रडून मोकळी झालेय. मला तेव्हा नुसता शेजारी बसलेला हवा होता, गाइड. हे सांगा."

"ती म्हणते," मी ब्रिगिटला सांगितलं, "ते दिवस फार कठीण होते."

"एवढंच?" ब्रिगिटने भुवया चढवल्या. "ती तर बरंच बोलली."

"आमची भाषा लांबण लावते," मी म्हणालो. ते हसले. बघा, तेव्हाही मी त्यांना हसवलं.

पोरीने माझ्या गळ्यातल्या गाइडच्या बिल्ल्याकडे हात पुढे केला. गोबरा हात, मनगटात काळे मणी. गळ्यात लाल दोऱ्यात शिवलेली छोटीशी कापडी पुडी होती, रक्षेची. मी तिच्याकडे पाहिलं. सेल्डनचं कपाळ, गेम्बोचं नाक. माझं तिच्यात काही नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. तरी मी शोधत होतो.

"नाव काय हिचं?" ब्रिगिट म्हणाली. पेन वहीवर टेकवून तयार.

मी सेल्डनकडे वळलो. "नाव विचारताहेत."

तिने पोरीचा हात माझ्या बिल्ल्यावरून काढून घेतला. मग "तुम्ही" टाकून दिलं आणि आमच्या घरच्या आवाजात, हळूच म्हणाली, "तूच सांग. तुला पाठ आहे."

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण मन मानेना. मी वेड्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिने पोरीच्या गळ्यातली पुडी दोन बोटांत धरून मला दाखवली. "चिटोरा यात आहे. पेटीत तळाशी घालून नेला होता मी. आत्ता भिक्षू म्हणाले, नवी काडी काढ. मी म्हटलं, नको. हिचं नाव कधीच निघालंय."

"सेल्डन, मी तेव्हा..."

"आता ते नको." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "सांग त्यांना. आता घेतलंस तरी चालतं. आता ती आलीय."

सहा माणसं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. जे नाव मी एकदा बावीस माणसांपुढे हशासाठी उधळलं, आणि त्यानंतर सात वर्षं बंद खोलीतसुद्धा ओठांवर येऊ दिलं नाही, ते मी घेतलं. "किनले युडेन."

ब्रिगिटने अक्षरं विचारली. मी एकेक अक्षर सांगितलं. तिने लिहिलं, खाली रेघ ओढली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि पोर दचकून आईच्या खांद्यात शिरली.

गेम्बो परत आला. "काय म्हणतात चिलिप?"

"नाव विचारत होते," सेल्डन म्हणाली.

"मग सांगितलंस?"

"यांनी सांगितलं."

गेम्बो हसत माझ्याकडे वळला आणि वळता वळता त्याचं हसू थांबलं. पोरीचं नाव त्याने मला सांगितलं नव्हतं. त्याने माझा बिल्ला पाहिला, माझं तोंड पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तो साधा माणूस आहे, पण मठ्ठ नाही. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल, आणि बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. त्याने बटवा काढला. आत तीन विडे उरले होते. तिन्ही माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी बोटं मिटवली.

"घ्या आचो. वाटेत लागतील," तो म्हणाला, आणि पोरीला सेल्डनकडून घेऊन उतरणीला लागला. तिची चप्पल निसटली, ती त्याने वाकून उचलली. सेल्डनने जाताना मागे पाहिलं नाही. पाहू नये असं मला वाटत होतं, आणि पाहिलं नाही तेव्हा रडू आलं.

आम्हीही बांधावरून खाली उतरलो. कापलेल्या भाताच्या पेंढ्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. पाहुणे दमले होते, जेवणाची चौकशी करत होते. मी मिरची-चीज आणि लाल भाताबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. ब्रिगिट माझ्या बरोबरीने चालत होती. तिचा एक प्रश्न उरलाच होता. तो सगळ्यांचाच असतो, आणि बहुतेक याच वाटेवर येतो.

"निदुप, तुम्हाला मुलं आहेत का?"

त्यावर माझं एक ठरलेलं उत्तर आहे. विनोदी आहे, हमखास हशा पिकवतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. मी ते गिळलं.

"एक मुलगी आहे," मी म्हणालो. "दुसऱ्या घरी जन्मली."

तिला काही उमगलं नाही. तिने वही उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न लिहिता मिटली. खाली रिंझिनने बसचं दार उघडून ठेवलं होतं. मी दाराशी उभा राहिलो आणि रोजच्यासारखी माणसं मोजली. सहा होती. सगळी आली होती.